चौकटींतील शह

शब्दकोडें सोडविणाऱ्या गृहस्थास ‘राजावर आलेला हल्ला, अक्षरें दोन’ असें सूत्र दिसलें कीं तो विनाविलंब ‘शह’ लिहून मोकळा होतो. त्यानें जन्मांत बुद्धिबळाचें प्यादें हातीं धरलें नसलें तरी चालतें. मग शह म्हणजे काय हें त्यास ठाऊक आहे, असें म्हणावें काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्ञान कशास म्हणावें, हा थोर प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे.

आर्थर विन यानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रांत पहिलें शब्दकोडें प्रसिद्ध केलें. कोडें रचणारास आंखूड शब्दांची नित्य गरज. आणि शह, मात, उंट, डाव, दान अशा शब्दांचें पटावरील खेळ हें मोठेंच कोठार होय. पण खेळणारास शह हा नुसता शब्द नसतो. तो कानीं पडतांच राजा हलवावा, मध्यें मोहरें घालावें, किंवा हल्ला करणारें मोहरें मारावें. चौथा मार्ग नाहीं. तिन्ही खुंटले कीं मात. म्हणजे शहाचा अर्थ कोशांतील प्रतिशब्दांत नसून, तो ऐकणारावर जें बंधन घालतो त्यांत आहे.

प्याद्याचेंच पाहा. जुन्या हिंदी पद्धतींत शेवटच्या घरांत पोंचलेलें प्यादें त्या घराचें मोहरें होई. युरोपीय पद्धतींत राजावांचून हवें तें मोहरें होतें. नांव एक, भाग्य निराळें. पंजाबचा मीर सुलतान खान प्रथम हिंदी पद्धतीनें खेळला, मागाहून युरोपीय नियम शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटनचें अजिंक्यपद त्यानें मिळविलें. त्यास नवीन शिकावें लागलें तें नांव नव्हे, नियम.

यावर कोणी म्हणेल, खेळावांचूनही शब्द जगतो. राजकारणांत शह देणारे सगळेच कोठें पट मांडून बसतात? हें खरें आहे. ‘शह’ शब्दांत फारसी ‘शाह’ अद्याप नांदतो. इंग्रजी ‘चेक’चें मूळही तेंच. पण राजकारणांतही ज्यास शह बसतो त्यास उत्तर द्यावेंच लागतें. बंधन सुटलें नाहीं म्हणूनच शब्द जिवंत राहिला.

शब्दकोड्यास आम्ही दोष देत नाहीं. तें प्रामाणिक आहे. चौकट भरण्यापलीकडे तें कांहीं मागत नाहीं. दोष आमच्याकडे येतो, तो सत्य, दया, कर्तव्य हे शब्दही आम्ही तसेच भरूं लागतों तेव्हां. मुलानें ‘कर्तव्य’ शब्दाची व्याख्या बिनचूक म्हटली कीं आम्ही संतोषतों; त्या शब्दापुढें त्यास कधीं थांबावें लागलें काय, हातची चाल मागें घ्यावी लागली काय, हें विचारीत नाहीं. ज्या शब्दानें आपल्या वागण्यावर कोणतेंही बंधन पडत नाहीं, तो आपणांस लिहितां येतो इतकेंच. तो आपणांस कळला असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.