सही तुमचीच आहे ना?

स्वतःचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या अडचणी आपल्या नावावर करून घेण्याचा रीतसर परवाना. नोकरीत अडचण आली की ती फायलीत घालून पुढच्या टेबलावर सरकवता येते. धंद्यात पुढचं टेबलही आपलंच असतं, आणि त्याचा एक पाय बहुधा लुळा असतो.

मी १९७२ साली नारायण पेठेत छापखाना काढायचं ठरवलं, तेव्हा एका काकांनी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ऐकवली. पुण्यात कुणी धंदा काढतो म्हटलं, की ही गोष्ट सांगायला एक तरी काका हजर असतच. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत असं निघालं. आपण असतो तर घरी परत आलो असतो. ते यंत्रांची चित्रं काढायला लागले, कारण त्यांत रंग लागत नाहीत! पुढे बेळगावात सायकली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, निवडुंग आणि साप बाजूला सारून, १९१० साली कारखाना उभा राहिला. "तर धंदा म्हणजे अडचणी सोडवणं," असं म्हणून काकांनी चहा संपवला. भांडवलाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

मी एक जुनं ट्रेडल घेतलं. विकणाऱ्याने ते पानशेतच्या पुरात सापडलेलं नाही अशी शपथ घेतली. १९६१ नंतर पुण्यात जुनी वस्तू विकणारा प्रत्येकजण ही शपथ घेई, त्यामुळे मी आक्षेप घेतला नाही. महिनाभराने यंत्राच्या एका सांध्यातून नदीची रेती निघाली.

अडचणी सोडवण्याची खास पुणेरी रीतही मी सुरुवातीलाच उचलली होती: दुपारी एक ते चार बंद. तीन तास अडचण बाहेर पायरीवर बसते, आणि निम्म्या अडचणी कंटाळून दुसऱ्या छापखान्यात जातात. चितळे बंधूंनी २०१७ च्या जुलैपासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मला आपलं एक तत्त्वज्ञान बुडाल्यासारखं वाटलं होतं.

तर गोष्ट अशी. एका वधुपित्याने तीनशे लग्नपत्रिका छापून नेल्या. आठवड्याने ते धापा टाकत आले. मुहूर्त रविवार, १२ मे. पत्रिकेत रविवार, २१ मे. नागपूरच्या मेहुण्याने पत्र टाकून विचारलं होतं, "रविवारी येऊ की एकवीसला?" साठ-सत्तर पत्रिका पोस्टात पडल्या होत्या.

इथे धंदेवाईक माणसाची बुद्धी कशी तल्लख चालते पाहा. मी खिळ्यावर टोचलेल्या कागदांतून त्यांचं प्रूफ काढलं आणि तळाशी बोट ठेवलं. "सही तुमचीच आहे ना?" गृहस्थांनी सही पाहिली. चेहरा उतरला. "मीच नीट वाचलं नाही हो," म्हणाले. फेरछपाईचे पासष्ट रुपये त्यांनी निमूटपणे मोजले. मुलीच्या लग्नात बापाला आधीच आपण सगळीकडे चुकतोय असं वाटत असतं. त्यात ही एक चूक सहज मावली.

अडचण सुटली. काकांना कळवावं असंही मनात आलं.

रात्री आवराआवर करताना ते प्रूफ पुन्हा हाती आलं. सही होती. तिच्यावर तीन ओळी सोडून स्वच्छ छापलं होतं: रविवार, १२ मे.

प्रूफ बरोबर होतं! सहीनंतर फर्मा आवळताना दोन खिळे निसटले असणार आणि ते ज्याने परत बसवले त्याने उलटे बसवले. ते मीच बसवले होते. जुळारी मामा त्या दिवशी गावाला गेले होते. म्हणजे सही सगळ्यांनी पाहिली, तारीख कुणीच पाहिली नाही. मी तरी पाहिली नव्हती ना? असा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि लगेच दिवा मालवला.

तेव्हापासून मला शंका आहे, की आपण ज्याला अडचण सोडवणं म्हणतो, त्यातलं किती सोडवणं आणि किती सोपवणं. किर्लोस्करांच्या माळावरचा साप साप होता. तो कुणाच्या सहीखाली लपवता येत नव्हता. माझी अडचण मी एका घामेजलेल्या, घाईतल्या माणसाच्या खिशात घातली आणि वर तिचे पैसे घेतले. बरं, खरं सांगावं, तर तीनशे घरांत पोचेल की याच्याकडे तारखा उलटतात. धंदा जेमतेम दोन वर्षांचा, घरी बाळ झालेलं. ही कारणं खरी आहेत. म्हणूनच त्यांचा भरवसा वाटत नाही.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी पासष्ट रुपये घेऊन गेलो. जिन्यात वाक्य पाठ केलं होतं. दार उघडल्यावर निघालं ते असं: "शुभकार्य आहे, आमच्याकडून सवलत समजा."

लग्न झाल्यावर गृहस्थ लाडवांचा डबा घेऊन छापखान्यात आले. समोरच्या दुकानदारालाही त्यांनी हाक मारून आत घेतलं. "चूक माझी, आणि पैसे यांनी परत केले! असा माणूस आहे का हो आजच्या काळात?" मामा केसपाशी उभे राहून खिळे जुळवत होते. गावाहून आल्यावर प्रूफ त्यांनीही पाहिलं होतं. त्यांचा हात थांबला नाही.

मंडळी गेल्यावर त्यांनी हिशेबाची वही पुढे ओढली.

"मालक, पासष्ट रुपये कशात लिहू? सवलत की परत?"

"आधी ती शाई वाळली का बघा," मी म्हणालो.

छापखाना केव्हाच बंद झाला, ट्रेडल भंगारात गेलं. ती वही माळ्यावर आहे. पासष्टच्या आकड्यासमोरचा रकाना मामांनी कोरा ठेवला होता, तो तसाच आहे.