क्रम तेवढा राहू दे

थंडीतल्या सकाळचे सहा वाजलेत. बाहेर अजून अंधार आहे.

घर निजलेलं आहे. तुमचं मूलही. उठवायची घाई नको.

जरा बसा. फरशी गार आहे, खाली वाकळेची घडी घ्या.

एक श्वास आत. नाकाला गारवा लागतो.

सोडा.

खिडकीकडे बघा. नांदेडला जूनमध्ये पावणेसहाच्या सुमाराला सूर्य वर येतो. जानेवारीत सात वाजत येतात. लातूरलाही तसंच. सवा तासाच्या आसपास फरक.

आपण घड्याळाच्या गजराने उठतो. पण जे मूल खिडकीतला उजेड बघून सकाळ ओळखतं, त्याला थंडीत रोजची सकाळ दिसतच नाही. आई उठ म्हणते आणि खिडकी अजून काळी आहे.

त्या काळ्या खिडकीकडे त्याच्या नजरेने बघा. थोडा वेळ तिथेच राहा.

आता खुंटीवरचा स्वेटर हातात घ्या.

तो उलटा करा. आतल्या शिवणीवरून बोट फिरवा. हळू. कुठे गाठ आहे, कुठे धागा राठ आहे.

मानेपाशी या. तिथे लेबल आहे. त्याचा कोपरा मनगटाच्या आतल्या बाजूला लावा, जिथे कातडी मऊ असते.

डोळे मिटा. टोचतंय?

आपल्या अंगाला थोड्या वेळात कपड्याचा विसर पडतो. ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना तो पडत नाही. मानेवरचं टोचणं शाळा सुटेपर्यंत तसंच राहतं. काही मुलांचं उलट असतं, थंडी वाजते हेच त्यांना उमगत नाही. ओठ उलले तरी ती उघडीच हिंडतात.

मूल स्वेटर ओढून काढतं तेव्हा आपण म्हणतो, हट्टी आहे. हा शब्द आज बाजूला ठेवू. पुन्हा मनगटावर लक्ष आणू.

कात्रीने लेबल काढता येतं. आत सुती बनियन घालता येतं. नवा स्वेटर दोन-चार वेळा धुऊन मऊ करता येतो. दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आधीच, तो नुसता मांडीवर ठेवायला देता येतो. घालायचा नाही. हात लावायचा, वास घ्यायचा, परत ठेवायचा.

श्वास घ्या. स्वेटर अजून तुमच्या हातात आहे.

थंडीबरोबर काय काय बदललं, ते एकेक करून मनात येऊ द्या.

अंघोळीचं पाणी कढत झालं. अंगाला तेल आलं. डोक्यावर कानटोपी आली, कानात आवाज वेगळा घुमू लागला. संध्याकाळी लवकर अंधार पडतो, म्हणून अंगणातला खेळ लवकर संपला.

आपल्यासाठी हा ऋतू. त्याच्यासाठी एकाच वेळी हललेल्या कितीतरी गोष्टी.

१९४३ साली लिओ कॅनर या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ऑटिझम असलेल्या ११ मुलांविषयी लिहिलं, तेव्हाच ही गोष्ट त्यांच्या नजरेत भरली होती. सगळं जसंच्या तसं राहावं, यासाठी ती मुलं जिवाचा आटापिटा करत होती.

थंडी आपल्या हातात नाही. क्रम आहे.

आधी दात. मग अंघोळ. मग बनियन, मग स्वेटर. मग भाकरी. मग दप्तर.

अंधाऱ्या जिन्यात कठडा हाताला लागावा, तसा हा क्रम त्याच्या हाताला लागतो.

भिंतीकडे बघा. तिथे चित्रांची एक पट्टी असू द्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याच्याच बादलीचा फोटो, त्याच्याच ब्रशचा, याच स्वेटरचा. एक काम झालं की ते चित्र त्याने स्वतः काढून खालच्या डब्यात टाकायचं.

बोलणं कमी. बोट चित्राकडे. मग थांबायचं.

हे थांबणं आत्ता करून बघा. एक श्वास. दुसरा. तिसरा. त्याला कळायला एवढा वेळ लागत असेल, तर एवढा वेळ आपल्याकडे आहे.

एखाद्या सकाळी लाईट जाईल, गीझर बंद पडेल. पाणी गॅसवर तापेल. अंघोळीला उशीर होईल. होऊ द्या. दातांनंतर अंघोळ, अंघोळीनंतर बनियन, एवढं राहू द्या.

लातूरला नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरभर घागरी, पाइप, आरडाओरडा. त्या दिवसाचंही एक चित्र काढा. नळ, त्याखाली घागर. शक्य असेल तर आदल्या रात्रीच दाखवा. उद्या पाणी. उद्या आवाज.

आणि वेळ अमावस्या. येळवस.

सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, भज्जीची वाफ, आंबिलीचा आंबूस वास, नातेवाइकांची गर्दी. आपल्याला वर्षभर वाट बघायला लावणारा दिवस. त्याला त्या दिवशी नेहमीची भाकरी नसते, नेहमीची खोली नसते, गालाला हात लावणारे वीस जण असतात.

त्याला मागे ठेवू नका. त्याचा क्रम बरोबर न्या.

चार चित्रं पुरतात. गाडी. शेत. जेवण. घर. शेवटचं चित्र घराचं, हे त्याला वारंवार दिसू द्या. डब्यात त्याची नेहमीची भाकरी घ्या. कोपीपासून लांब, बांधावरच्या झाडाखाली त्याची वाकळ अंथरा. तासाभरात परत यावं लागलं तर या. तेवढी येळवसही पुरी झाली.

रात्री काही मुलांना अंगावर जड वाकळ बरी वाटते. तोंड उघडं ठेवा. नको झाली तर तिला स्वतः बाजूला सारता आली पाहिजे. हलक्या हाताने चोळलेलं तेल कुणाला गुदगुल्यांसारखं छळतं, तेच ठाम हाताने लावलं की बरं वाटतं. कुणाला दोन्ही नको असतं. मुलाचं अंग काय सांगतं, ते ऐकत राहा.

जिथे आपल्याला कळेनासं होतं, तिथे विचारायला माणसं आहेत. लातूरला उमंग ही ऑटिझमवर काम करणारी संस्था आहे. तिथे जाणं म्हणजे हरणं नव्हे.

आता स्वेटर मांडीवर ठेवा. तुमच्या स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष द्या. ते वर ओढलेले आहेत का? खाली सोडा.

हा क्रम बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात असतो. तिला ताप आला की त्या दिवशी घराला सकाळ सापडत नाही.

म्हणून भिंतीवरची पट्टी मुलाइतकीच घरच्यांसाठीही आहे. बाबांनी ती एकदा स्वतः करून बघावी. आजीला दाखवावी. आत्या राहायला आली तर तिलाही. आधी काय, मग काय, कुठे थांबायचं, काय बोलायचं नाही.

या आठवड्यातली एक सकाळ ठरवा. त्या सकाळी दुसरं कुणीतरी उठेल, पाणी तापवेल, पहिल्या चित्राकडे बोट दाखवेल. मूल कुरकुरेल, दोनदा तुम्हाला शोधेल. क्रम तोच असेल, तर बहुतेक ते पुढच्या चित्राकडे वळेल.

त्या सकाळी तुम्ही उठू नका.