सोन्याचे मांजर

मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे आपल्याकडे घरोघरच्या आज्या सांगत आल्या. या धाकाने किती मांजरे वाचली असतील, सांगता येत नाही. पण त्याच घरांत आणखी एक रीत चालत आली आहे. मांजरी व्याली की पिले पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मासळीबाजारात सोडून यायचे. मारले कोणीच नाही, फक्त सोडले. पाप हाताला लागत नाही, आणि आईवेगळी पिले दोन-चार दिवसांत आपोआप नाहीशी होतात. आपला हात स्वच्छ राहणे आणि दया करणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय, असा प्रश्न इथे उभा राहतो. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे.

सुरतेच्या बमरोलीसारख्या वस्तीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पांडेसरा-उधन्याच्या कारखान्यांलगतच्या या भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे गुजराती आणि परप्रांतीय शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. भिंतीच्या अलीकडे जे मांजर, तेच पलीकडे बिलाडी. दोन्ही घरी त्याला दूध मिळते, आणि ते व्याले की जबाबदार मात्र कोणीच नसते.

गुजरातच्या जीवदयेचा लौकिक जुना आहे. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंबायतेला आला होता. तिथल्या पक्ष्यांच्या इस्पितळात त्याने पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पाहिला. नाकावर चष्मा चढवून तो उंदरांच्या पोरक्या पिलांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होता. मोठी झाली की त्यांना मोकळे सोडणार, असे त्याने सांगितले. उंदराच्या पिलालाही आईची उणीव भासू नये, इतकी ही दया हळवी होती. तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण ही दया एका जिवाची आहे. अनेक जिवांचा प्रश्न आला की ती अपुरी पडते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. त्यांत आपली खानदेशची मंडळीही होती. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि शहरातला कचरा रोजच्या रोज उचलला जाऊ लागला. त्या अनुभवाचा धडा असा, की रस्त्यावर जनावरे किती असावीत हे आपणच ठरवत असतो. जे उष्टे आपण उघड्यावर टाकतो, तेवढी तोंडे तिथे जमतात.

मांजरांचा हिशेब याहून वेगळा नाही. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा, दर वेळी चार-पाच पिले. यांतली बहुतेक मोठी होतच नाहीत. काही थंडीने जातात, काही चाकाखाली, काही कुत्र्यांच्या तोंडी. उरलेली डोळे चिकटून, नाक वाहून किंवा उलट्या-हगवणीच्या साथीत. दाराशी दुधाची वाटी ठेवून आपण मांजरीला धष्टपुष्ट करतो, ती पुन्हा विते, आणि मरणाऱ्या पिलांची संख्या वाढते. वाटी ठेवणाऱ्याचे मन निर्मळ असते, पण परिणाम त्या मनाच्या आज्ञेत राहत नाही.

यावर उपाय नसबंदीचा. मांजरी पकडून, शस्त्रक्रिया करून, कानाला खूण करून पुन्हा त्याच जागी सोडायची. नुसती उचलून दूर नेली तर रिकाम्या जागी दुसरी येते. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये हे काम हाती घेतले. मात्र 'नसबंदी' हा शब्द ऐकला की आपल्या पिढीला १९७६ आठवते. तेव्हाची सक्ती अन्याय होती, कारण माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो आणि तोच त्याच्याकडून हिरावला गेला. मांजरीला असा निर्णय घेताच येत नाही. तिच्या वतीने कोणीतरी तो घ्यावा लागतो, आणि न घेणे हाही एक निर्णयच असतो. त्याची किंमत पिले भरतात. निसर्गात ढवळाढवळ नको, असे म्हणणाऱ्यांनी आपली वाटी आणि आपला उकिरडा हे निसर्गात मोडतात काय, ते पाहावे.

मग समोर पडलेल्या आजारी पिलाचे काय? संख्येचा विचार करणाऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवावी, असे मुळीच नाही. पण तिथेही नुसता कळवळा पुरत नाही. आई चारा शोधायला गेली असेल, म्हणून पिले धडधाकट दिसत असतील तर काही तास लांबून वाट पाहावी. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब, मग आहार; थंड अंगाने ते पचवू शकत नाही. गाईच्या दुधाने त्याला हगवण लागते. आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. चिकटलेले डोळे उकळून गार केलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसावेत आणि पशुवैद्याकडे न्यावे. गुजरातेत त्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. चावा बसलाच तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजची लस घ्यावी.

खरी कसोटी पुढे असते. कामगाराच्या घरात पैसे थोडे; त्यातून पिलाचे लांबलेले औषधपाणी करायचे की त्याच्या आईची शस्त्रक्रिया? ऊब, पाणी, वेदनेपासून सुटका यांवर त्या पिलाचा हक्क आहे आणि तो टाळता येणार नाही. पण त्यापलीकडचा पैसा आईवर आधी खर्च व्हावा, असे मला वाटते. हे लिहिताना हात जड होतो, कारण पिलाला तोंड आहे, ते ओरडते. जी पिले जन्मणारच नाहीत त्यांची हाक कोणाच्या कानी येत नाही. न ऐकू येणाऱ्या दुःखाचाही विचार करणे, हीच दयेची पुढची पायरी असावी. चार घरांनी मिळून वर्गणी काढली, एकाने मांजरी नेली, दुसऱ्याने जखम भरेपर्यंत तिला सांभाळले, तर ही पायरी फार उंच नाही.