समुद्राचे विश्वस्त

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथली मासळी कोणाची? कोणाचीच नाही म्हटलं, तर ज्याचं इंजिन मोठं त्याची ती होते. महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला, 2016 मध्ये मासळीचे थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, ते याच भीतीपोटी. न्यूझीलंडने 1986 मध्ये वेगळी वाट धरली: वर्षाला किती मासळी काढायची ते ठरवून तिचे विकता येणारे हिस्से वाटले. हिस्सेदाराला उद्याच्या मासळीची काळजी लागते, हा युक्तिवाद खरा आहे. पण तिथल्या मूळ रहिवासी माओरींचा हक्क डावलला गेला आणि 1992 मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. आइसलंडचा 1990 चा कायदा मासळी राष्ट्राची म्हणतो, तरी तिथले हिस्से मोजक्या कंपन्यांकडे गोळा झाले.

मग हिस्सा द्यावा की नाही? ईशोपनिषद भोग नाकारत नाही, त्याला त्यागाची अट घालतं. संपत्तीचं मालक न होता ती सांभाळायची, ही गांधीजींची विश्वस्ताची कल्पना त्याच जातीची. म्हणून मला हिस्सा मान्य आहे, मालकी नाही. आपल्या समुद्रात एकाच जाळ्यात बोंबील, कोळंबी, मांदेली येतात, मग मोजणार कसं, हा आक्षेप वजनदार आहे. म्हणून इथे आधी जाळ्याचा आस (छिद्राचा आकार), होड्यांची संख्या आणि बंदीचा काळ यांचीच मर्यादा हवी. गाव स्वतःवर बंधन घालील का, ही शंकाही रास्त. पण नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याची कोळ्यांची रीत कायद्याहून जुनी आहे. हक्क कोळीवाड्यांच्या सहकारी संस्थांना द्यावा, आणि तो विकता येऊ नये.