उतारशाळेचे दोन दीनार

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सकाळच्या मिस्सेला जाताना रस्त्याच्या कडेला एक बेवारशी कुत्रा पडलेला आम्ही पाहिला. रात्री एखाद्या वाहनाने त्याला उडवले असावे. मागचा डावा पाय लोंबत होता आणि पुढच्या दोन पायांवर तो स्वतःला चिखलातून ओढू पाहत होता. आम्ही क्षणभर थांबलो, हळहळलो आणि घंटा झाली म्हणून पुढे गेलो. मिस्सा आटोपून परतलो तेव्हा तो तेथेच होता. तोवर निम्मे गाव त्याला वळसा घालून गेले होते. त्या निम्म्या गावात आम्हीही होतो.

त्यानंतर जे केले ते फार मोठे नव्हते. वेदनेने कळवळणारे जनावर ओळखीच्या हातालाही चावते, म्हणून जुन्या ओढणीच्या पट्टीने त्याचे तोंड हलकेच बांधले. तुटलेला पाय ओढून बसवण्याच्या फंदात न पडता त्याला अलगद गोणपाटावर सरकवले आणि चौघांनी चार टोके धरून उचलले. कुणी घरातील दुखण्यावरची गोळी द्या म्हणाले. ती दिली नाही हे बरे झाले, कारण माणसाला मानवणाऱ्या अशा गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. तोंड बांधताना शेजारच्या एका मुलाच्या हाताला दात लागला होता. ती जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुतली आणि त्याला लगेच रेबीजच्या लशीसाठी सरकारी रुग्णालयात धाडले. दयेलाही सावधपणा लागतो.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. पट्टी बसवून ते जोडायचे तर डॉक्टरांनी २५ हजार रुपये खर्च सांगितला. पाय कापला तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागणार होते. तीन पायांवर कुत्रा चांगला जगतो, असे ते म्हणाले. तेही जमत नसेल, तर वेदनेतून सोडवणारे शेवटचे इंजेक्शन होतेच. आमच्या कपाटात तेव्हा ३० हजार रुपये होते, पण ते आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेले. आईला हे कळले तेव्हा ती म्हणाली, “माझा डोळा नाताळापर्यंत थांबेल रे. त्याचा पाय थांबायचा नाही.”

त्या रात्री आम्ही फार वेळ जागे होतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, २४१८ व्या परिच्छेदात, दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना भोगायला लावणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर खर्चणेही शोभत नाही. आमच्या घरात त्या रात्री ही दोन वाक्ये समोरासमोर आली होती. आईने देऊ केले होते खरे; पण रात्री अंगणाच्या पायऱ्या चाचपडत उतरणारी ती होती, आम्ही नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यांच्या मोलाने दयाळू होणे फार सोपे असते.

तेव्हा दयाळू शोमरोन्याची गोष्ट आम्हांला निराळ्या रीतीने आठवली. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले. दुसऱ्या दिवशी रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेवून, अधिक लागल्यास परतताना देईन असे सांगून तो आपल्या वाटेला लागला. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी आहे. म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी दिली. घरदार विकले नाही, प्रवास सोडला नाही. त्याने मोजून दिले, तरीही प्रभूने उदाहरण त्याचेच दिले. मोजल्याने प्रेम उणे होत नाही. मोजण्याआधीच जो पाठ फिरवतो, त्याचे काय, हा प्रश्न मात्र उरतो.

आम्ही आईच्या पैशांना हात लावला नाही. घरखर्चातून ३ हजार काढले, उरलेले शेजारच्या चार घरांनी वाटून घेतले आणि कुत्र्याचा पाय कापला गेला. पुढची मलमपट्टी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात अल्प खर्चात झाली. श्रीमंताच्या घरचा कुत्रा असता तर त्याचे चारही पाय वाचले असते, ही टोचणी अजून जात नाही. ती जाऊही नये. गरिबीमुळे उपचार तोकडा पडला, हे सत्य गोड शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही.

आता तो आमच्या आळीतल्या क्रुसाजवळ तीन पायांवर उड्या मारीत येतो. शस्त्रक्रियेनंतर आईने त्याला पाहिले आणि म्हणाली, “अगंबाई, हा पांढरा आहे होय! मला इतके दिवस मातकटच वाटत होता.”

आमच्याजवळ २५ हजार नव्हते, याची आम्हांला लाज वाटत नाही. लाज वाटते ती मिस्सेला जातानाच्या त्या क्षणाची. त्या वेळी कुणी आमच्याकडे पैसा मागितला नव्हता. एक गोणपाट आणि चार हात पुरेसे होते, आणि ते तेव्हाही आमच्यापाशी होते.