लेकराच्या वतीने

मे महिन्याची सुटी जवळ आली की पूर्वी मामाच्या गावाची तयारी होई. आता पुष्कळ घरांत तंबूची तयारी होते. इंदूरचे कुटुंब पचमढीला जाते, हैदराबादचे हिमाचलात, बडोद्याचे कुणी थेट लेहला. आणि बरोबर तीन-चार वर्षांची मुलेही असतात. निघण्याच्या आदल्या रात्री घरातील आजी हटकून म्हणते, "अरे, एवढ्याशा लेकराला थंडीवाऱ्यात कशाला नेतोस? त्याने मागितलं होतं का?" मुलगा हसून म्हणतो, "आई, हल्ली सगळेच नेतात."

आजीचा प्रश्न भित्रेपणाचा वाटतो खरा. पण त्याचा शेवटचा भाग नीट ऐकला, तर तो नीतीचा एक अवघड प्रश्न आहे. ज्याला खराखुरा होकार देता येत नाही, त्याच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? "सगळेच नेतात" हे काही त्याचे उत्तर नव्हे.

मोठा माणूस स्वतःचा धोका स्वतः निवडतो. तेलंगणातील मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली, तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. एवढ्या कोवळ्या वयात तिला जाऊ द्यावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतो. नेपाळ सरकार आपल्या बाजूने सोळा वर्षांखालील कोणालाही एव्हरेस्टवर जाऊ देत नाही. ती तिबेटच्या बाजूने चढली. तरीही भोंगीरच्या खडकावर आणि पुढे दार्जिलिंगला शिकलेल्या त्या मुलीला बर्फ काय आणि दरी काय हे ठाऊक होते, आणि "मला जायचे नाही" असे म्हणण्याइतके तिचे वय होते. चार वर्षांचे मूल "हो, जाऊ या" म्हणते ते कशाला? घरात दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेल्या तंबूला. त्या होकारावर आपण डोंगराचे ओझे ठेवू शकत नाही.

मग कोणी म्हणेल, मूल जाणते होईपर्यंत त्याला घरीच ठेवावे. हा तर्क सोपा आहे, पण टिकत नाही. मुलाला लस टोचताना, त्याची भाषा आणि शाळा ठरवताना आपण त्याचा होकार घेत नाही. घरी ठेवणे हासुद्धा त्याच्या वतीने घेतलेला निर्णयच असतो. म्हणजे निर्णय टळत नाही. तो कोणत्या नात्याने घ्यायचा एवढेच आपल्या हाती उरते. माझ्या मते ते नाते विश्वस्ताचे आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याची दोन कर्तव्ये असतात: ती जमिनीत पुरून ठेवायची नाही, आणि जुगारातही लावायची नाही.

ठेव पुरून ठेवू नये, म्हणजे काय? घराच्या चार भिंतींत मुलाला जे मिळत नाही, ते तंबूत मिळते. पाणी नळातून नव्हे, झऱ्यातून येते आणि ते वाहून आणावे लागते. अंधार खराखुरा काळा असतो. आणि अशा अंधारातही आईचा हात सापडतो. जुन्या करारातील मांडवांचा सण येथे आठवतो. पीक घरात आल्यावर, नेमक्या त्या भरल्या दिवसांत, लोकांनी सात दिवस झोपड्यांत राहावे असा नेम होता. आणि पूर्वज असेच राहत होते हे पुढच्या पिढ्यांना कळावे, असा त्याचा हेतू सांगितला आहे. हे कळणे केवळ ऐकून होण्यासारखे नव्हते, म्हणून मुलांनाही त्या मांडवात निजावे लागे.

आता जुगाराचा विचार करू. येथे कष्ट आणि धोका यांत भेद केला पाहिजे. गार पडलेले हात, खरचटलेला गुडघा, कच्चा राहिलेला भात हे कष्ट आहेत. मूल ते जाणते, त्याबद्दल रडते, आणि आपण ते तिथल्या तिथे दूर करू शकतो. धोका निराळा. तो मुलाला दिसत नाही, आणि आईबापांना ज्ञान नसेल तर त्यांनाही दिसत नाही.

उदाहरणे घेऊ. पचमढीचे धूपगड १३५२ मीटर उंच आहे, आपले कळसूबाई १६४६ मीटर. तेथे हवेच्या विरळपणाची भीती नाही. पण साधारण २५०० मीटरच्या वर उंचीचा आजार होऊ लागतो, आणि लेह ३५०० मीटरवर आहे. विमान तेथे काही तासांत नेऊन सोडते. शरीराला मात्र त्या हवेची सवय व्हायला दिवस लागतात. मोठा माणूस "डोके दुखते" असे सांगतो. दोन वर्षांचे मूल नुसते किरकिर करते, जेवत नाही, ओकते, झोपत नाही. आणि आपण म्हणतो, प्रवासाने दमले आहे. अशा वेळी वर चढणे थांबवावे लागते, आणि त्रास वाढला तर ताबडतोब खाली उतरावे लागते. तसेच थंडीचे. वजनाच्या मानाने लहान मुलाची कातडी अधिक उघडी असते, म्हणून त्याची ऊब लवकर जाते. पाठीवरच्या झोळीत मूल स्वस्थ बसलेले असते. चढाने घामाघूम झालेल्या बापाला वाटते की हवा छान आहे, आणि मागे लेकराचे पाय गार पडत असतात. रात्री ऊब यावी म्हणून बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवावा, तर त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. झोपलेली माणसे झोपेतच जातात. सपाट वाळू पाहून ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकावा, तर वर दूर कोठे पडलेला पाऊस रात्री खाली येतो.

यावरून दिसते की धोका तंबूत नसून अज्ञानात आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघणारे धनगर पाहा. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि त्यांतच एखादे तान्हे मूल. हौसेने नव्हे, पोटासाठी त्यांची मुले उघड्यावर निजतात. त्या आईबापांना आपण बेफिकीर म्हणू शकत नाही. पाल कोठे टाकावे आणि कोठे टाकू नये याचे ज्ञान त्यांना आजोबा-पणजोबांपासून मिळालेले असते. आपण मात्र दुकानातून तंबू आणतो आणि ज्ञान आणायचे विसरतो. मुलाला नेण्याचा अधिकार पैशाने मिळत नाही. या ज्ञानाच्या तयारीनेच मिळतो. डोंगराखालच्या गावातील माणसाला विचारणे, वनखात्याची परवानगी घेणे, घराच्या अंगणात एक रात्र आधी काढून पाहणे, ही त्या तयारीची साधी सुरुवात आहे.

तयारी पुरी झाली तरी एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत अडचणीचा आहे: आपण हे कोणासाठी करतो? चार वर्षांच्या मुलाला शिखराचे काही नसते. त्याला पाण्यात खडे टाकायचे असतात. शिखर आपल्याला हवे असते, शिखरावरचा फोटो आपल्याला हवा असतो. आपल्याला हवे असणे हे पाप नव्हे. आईबापांनी आपला आनंद मुलांबरोबर वाटून घ्यावा हे योग्यच आहे. पण मूल सोबती आहे की साधन आहे, हे ओळखण्याची एक कसोटी मला दिसते. मुलाच्या रडण्याने बेत मोडू शकतो का? त्याला होकार देता येत नसेल, पण नकार त्याला देता येतो. शब्दांनी नव्हे, थकलेल्या पायांनी, न खाल्लेल्या घासाने. ज्या सहलीत हा नकार ऐकला जातो, तेथे मुलाची संमती नसूनही त्याचा मान राखला जातो.

यावर कोणी विचारील, प्रत्येक रडण्याला माघार घेतली तर मुले चिवट कशी होतील? रास्त शंका आहे. कष्टाच्या रडण्याला माघार घ्यायचे कारण नाही. तेथे मांडीवर घ्यावे, गूळ-शेंगदाणे द्यावेत, गोष्ट सांगावी आणि पुढे चालावे. मात्र हे रडणे कष्टाचे की धोक्याचे, हे ज्याला ठरवता येत नाही, त्याने ते धोक्याचे धरून चालावे. परतण्याने एक दिवस वाया जातो. न परतण्याने काय जाईल याला मर्यादा नाही. हा हिशेब दुसऱ्याच्या ठेवीचा असल्यामुळे तो असाच मांडला पाहिजे.

म्हणून आजीला उत्तर द्यायचे झाले तर असे देता येईल: "नाही, त्याने मागितलं नव्हतं. मागण्याइतकं ते मोठं नाही. म्हणूनच त्याच्या वाटणीचा विचार आम्ही केला आहे, आणि ते थकलं तर आम्ही निम्म्या वाटेवरून परत येऊ." हे उत्तर ज्याला मनापासून देता येईल, त्याने खुशाल निघावे. निम्म्या वाटेवरून परत आलेले मूल शिखर न पाहता घरी येते. पण आपल्यासाठी आईबापांनी शिखर सोडले, हे त्याला मोठेपणी कळते. आणि पुढे कधी त्याच्या हाती दुसऱ्या कोणाची ठेव आली, तर ती कशी सांभाळावी हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.