न उच्चारलेले नाम

वारकरी सज्जनांपुढे आज माझीच एक चूक मांडतो. कीर्तनात दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते, टाळ्याही मिळतात. आपली सांगायची म्हणजे वीणा जड होते.

तीसेक वर्षे झाली. रेवदंड्याच्या बाजूला एका गावी सप्ताह होता, दुसऱ्या दिवशीची सेवा माझ्याकडे होती. नामपर अभंग घेतला होता. पाठशाळेत शिकलेल्या माणसाला एक खोड असते. नवे काही वाचले की ते लोकांना ऐकवल्यावाचून त्याला पचत नाही. नुकतेच यहुदी लोकांच्या धर्मग्रंथाविषयी वाचले होते. आलो रंगात आणि म्हणालो, “बघा हो, त्यांचाही देव नामधारीच! त्याचं नाव यहोवा!” एवढ्यावर थांबलो असतो तर बरे. पण टाळकऱ्यांकडून ते नाव तीन वेळा गजरात म्हणवून घेतले. मंडपात हशा आणि टाळ्या. मागे घोंगडीवर एक म्हातारबाबा बसले होते, त्यांनी मान खाली घातली. ती मला दिसली, पण तिचा अर्थ तेव्हा कळला नाही.

आरती झाल्यावर ते जवळ आले. म्हणाले, “बुवा, कीर्तन गोड झालं. पण ते नाव तेवढं घ्यायचं नव्हतं. माझ्या बापानं कधी घेतलं नाही, आज्यानं घेतलं नाही.”

ते बेने इस्राएल होते. कोकणात ह्या लोकांना शनिवारतेली म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून हे नाव. आडनावे दिवेकर, रोहेकर, केहीमकर अशी आपल्यासारखी गावावरून, बोली मराठी. पुष्कळ शतके ते इथे नांदले. 1948 साली इस्राएल देश झाल्यावर बहुतेक तिकडे गेले, आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. आणखी एक गोष्ट आपल्या फडकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या मंडळींनी अब्राहाम, योसेफ ह्यांची आख्याने लावून मराठीत कीर्तने केली. तेव्हा माझ्यासमोर बसलेला श्रोता कीर्तनाला परका नव्हता. कीर्तनात परके बोललो ते मीच.

मी विचारले, “बाबा, मग तुम्ही देवाला हाक कशी मारता?”

“वाचताना ते नाव आलं की आम्ही ‘अदोनाय’ म्हणतो, म्हणजे धनी. एरवी बोलताना ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. आता असं बघा बुवा, आमच्या म्हातारीनं साठ वर्षांत मला नावानं हाक मारली नाही. म्हणून तिला माझं नाव ठाऊक नाही, असं थोडंच आहे?”

सज्जनहो, न्यायशास्त्राचे ग्रंथ वाचलेला मी त्या ओटीवर निरुत्तर झालो. पुढे घरी येऊन तो विषय नीट धुंडाळला. आधी धुंडाळायला हवा होता, असो.

कथा अशी आहे. मोशे हा पुरुष सासऱ्याची मेंढरे राखीत रानात गेला असता त्याला एक झुडूप पेटलेले दिसले. ज्वाळा आहेत, पण झुडूप जळत नाही. त्यातून त्याला मिसर देशातल्या दास्यातून आपले लोक सोडवण्याची आज्ञा झाली. तेव्हा तो भोळेपणाने विचारतो, की लोकांनी तुझे नाव विचारले तर काय सांगू? आणि उत्तर मिळते ते विशेष नाम नव्हेच. ते ‘असणे’ ह्या धातूचे रूप आहे. मी आहे तो आहे, किंवा मी असेन तो असेन, अशा भावाचे. त्यांचे चार अक्षरांचे नाम ह्याच धातूशी जोडलेले आहे. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला आरंभी केवळ ‘सत्’ होते असे शिकवतो, आणि भगवंतांनी सतराव्या अध्यायात ब्रह्माच्या त्रिविध निर्देशात तोच शब्द ठेवला. दोन्हीकडे एकाच गुरूने शिकवले असे मी म्हणत नाही. पण अस् धातू घोकून बोटे झिजवलेल्या माणसाला तिथे क्षणभर थांबावेसे वाटते.

हिब्रू लिपीत मुळात व्यंजनेच लिहितात, स्वर वाचणाऱ्याने भरायचे. हे चतुराक्षर पूर्वी जेरुसलेमच्या मंदिरात वर्षातून एका प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य पुरोहित उच्चारी, आणि ते कानी पडताच लोक जमिनीवर पालथे पडत. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले. तेव्हापासून तो उच्चारही थांबला. पुढे पोथ्यांत स्वरचिन्हे घालणाऱ्या पंडितांनी ह्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’ शब्दाचे स्वर लावले. हेतू हा, की वाचणाऱ्याने इथे ‘अदोनाय’ म्हणावे. परक्या वाचकांनी एकाची व्यंजने आणि दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचले, आणि ‘यहोवा’ हा उच्चार झाला. म्हणजे मी तीन वेळा गजर करवला तो त्यांच्या नामाचा धड उच्चारही नव्हता!

त्यांच्या ग्रंथात दुसरीही नामे आहेत. ‘एल’ म्हणजे देव, ‘एल शद्दाय’ हे पूर्वजांना ठाऊक असलेले नाम, आणि ‘एलोहीम’. हा शेवटचा शब्द रूपाने अनेकवचनी, पण एका देवाविषयी आला की क्रियापद एकवचनी. आपण ‘गुरुजी आले’ म्हणतो तिथे क्रियापदही आदराने वाकते, त्यांच्याकडे नामच वाकते. एल हा शब्द माणसांच्या नावांतही शिरला आहे. इस्राएल, इश्माएल, गब्रिएल. इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’. आपल्या शेजारच्या इस्माईलभाईंना हाक मारताना आपण हेच म्हणत असतो. अजामिळाची कथा माहीत असणाऱ्यांना ह्याहून अधिक सांगायला नको.

आता मुसलमानांकडे या. ‘अल्लाह’ हा शब्द त्याच कुळातला, ‘एलोह’चा भाऊबंद. तो फक्त मुसलमानांचा अशी समजूत आहे, ती खरी नाही. अरबी बोलणारे ख्रिस्ती देवाला अल्लाहच म्हणतात. दहाव्या शतकात सादिया नावाच्या यहुदी आचार्याने आपला धर्मग्रंथ अरबीत आणला, त्यानेही हाच शब्द वापरला. इस्लामात ईश्वराची नव्याण्णव सुंदर नामे सांगितली आहेत, तसबीच्या मण्यांवर त्यांचे स्मरण करतात. सलाम म्हणजे शांती, हक्क म्हणजे सत्य, हय्य म्हणजे जिवंत. अनुशासनपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला सहस्र सांगितली. एकाने मला ‘म्हणजे आपण पुढे’ असे म्हटले. त्याला मी म्हणालो, अरे, आईला एका दिवसात किती हाका मारल्या, हे कोणते पोर मोजते?

त्या नव्याण्णवांत ‘रहमान’ आणि ‘रहीम’ ही दोन अग्रगण्य. कुराणाच्या 114 अध्यायांपैकी एक सोडून सर्वांच्या आरंभी ती येतात. दोन्हींचा धातू एकच, आणि त्याच धातूपासून अरबीत गर्भाशयाचा शब्द होतो. हिब्रूतही तसेच, ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘रहमीम’ म्हणजे करुणा. मुंबईला मशीद बंदराजवळ सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेले बेने इस्राएलांचे जुने प्रार्थनामंदिर आहे, त्याचे नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे करुणेचे द्वार. कटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषाला आपण माउली म्हणतो. हे द्वार कुठे उघडते, ते वारकऱ्याला सांगावे लागत नाही.

एक प्रसंग मला फार लागला. 628 साली हुदैबिया येथे पैगंबर आणि मक्केचे कुरैश ह्यांच्यात तह लिहिला जात होता. आरंभी रहमान, रहीम ही नामे घालायची होती. समोरचा दूत अडून बसला, की हा रहमान कोण, आम्हाला ठाऊक नाही, आमच्या जुन्या रीतीने लिहा. परंपरा सांगते, की पैगंबरांनी तसे लिहू दिले. नामावरून तह मोडू दिला नाही. आणि आम्ही? गावात लाउडस्पीकर कोणाचा मोठा ह्यावरून भांडतो आणि त्याला नामनिष्ठा म्हणतो.

तथापि ‘सगळे एकच’ असे एका दमात म्हणून मोकळे होणाऱ्या वक्त्यांत मी नाही. तिथे नाम आहे, मूर्तीला मनाई आहे. आपल्याकडे नाम आहे आणि विटेवर रूपही आहे. त्यांच्यात एक जण नाम घेत नाही, एक मोजून घेतो, आपण दिंडीत नाचून घेतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान कुळात जन्मून मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिते झाले, त्यांना हा फरक दिसत नव्हता असे नाही. फरक ठेवूनच त्यांनी प्रेम केले. आणि न उच्चारणे आपल्यालाही अगदी परके नाही. देवांना परोक्ष बोलणे आवडते, असे ऐतरेय उपनिषद इंद्राच्या नावाविषयी सांगते. गुरूचे नाव शिष्याने घेऊ नये, हेही आपण लहानपणी शिकलो.

म्हातारबाबा पुढे मुलांकडे तिकडच्या देशी गेले. त्यांचे मला एक पत्र आले, मोडक्या अक्षरातले मराठी. मी पत्रावर ‘श्री’ लिहितो, आमचे गावचे मुसलमान सावकार 786 लिहीत, की कागद पायदळी आला तरी नामाची अवहेलना होऊ नये. बाबांनी कोपऱ्यात दोन हिब्रू अक्षरे काढली होती. खाली त्यांनीच अर्थ दिला होता: ‘त्या नावाच्या साहाय्याने’. पुढे लिहिले होते, “बुवा, आमच्यात नाव लिहिलेला कागद जुना झाला तरी फेकत नाहीत, पुरतात. तुम्ही भिऊ नका, मी नाव लिहिलेलं नाही. वाचून झालं की पत्र फाडून टाका.”

मी फाडले नाही. ते ज्ञानेश्वरीच्या पोथीत, नवव्या अध्यायात ठेवले आहे. आता कीर्तनात ती मोशेची कथा आली, की मी ‘ते चार अक्षरांचे नाम’ एवढेच म्हणतो. टाळकरी गजरासाठी माझ्या तोंडाकडे पाहतात, आणि मी त्यांना हाताने थांबवतो.